पद्मिनीच्या स्टिरिओतली शीळ

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निघून गेली. मात्र हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी अजून धावतात आणि त्यांपैकी काहींच्या डॅशबोर्डमध्ये आता ब्लूटूथ स्टिरिओ, तर डिकीत ॲम्प्लिफायर असतो. अशा गाडीचा ॲक्सिलरेटर दाबताच गाण्यामागून चढत जाणारी शीळ ऐकू आली, की ‘स्पीकर बदला’ हा सल्ला ठरलेला असतो. वस्तुतः स्पीकर बिचारा त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेच ऐकवत असतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारा आवाज टकटक असा असेल, तर तो बहुधा इंधन पेटवणाऱ्या स्पार्क प्लगच्या ठिणगीचा असतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला १००. शीळ मात्र अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राची, आणि तिचे गणित मोठे देखणे आहे. अल्टरनेटरच्या तीन वेटोळ्यांत निर्माण होणारा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सहा डायोड एकदिश करतात, पण तो सपाट होत नाही. प्रत्येक आवर्तनात त्याला सहा उंचवटे राहतात. फिरणाऱ्या चुंबकाला बारा ध्रुव असतील, तर एका फेऱ्यात सहा आवर्तने, म्हणजे ३६ उंचवटे होतात. पट्ट्यामुळे अल्टरनेटर इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरतो असे धरले, तर इंजिनाच्या मिनिटाला १००० फेऱ्यांना १२०० हर्ट्झ आणि २५०० फेऱ्यांना ३००० हर्ट्झचा स्वर मिळतो. यातल्या वरच्या स्वरांच्या आसपासच आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

या उंचवट्यांचा तरंग गाण्यात शिरतो तो बहुतेकदा अर्थिंगमधून. गाडीचा पत्रा हीच सर्व उपकरणांची परतीची तार असते, आणि जुन्या गाडीत सांधे गंजलेले असतात. ०.०१ ओहम रोधाच्या सांध्यातून तरंगाचा एक अँपिअर प्रवाह गेला, तरी दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. स्टिरिओचे अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचे डिकीत असेल, तर त्यांना जोडणाऱ्या सिग्नल केबलचे बाहेरचे वेष्टनही त्या प्रवाहाला समांतर वाट होते. हेच वेष्टन सिग्नलचीही परतीची तार असल्यामुळे त्यातला विद्युतदाबाचा फरक सिग्नलमध्ये मिसळतो आणि ॲम्प्लिफायर दोन्ही इमानाने मोठे करतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने पत्रा आणि वेष्टन यांचे हे वर्तुळ तुटत नाही. मुलामा गंज रोखतो, एवढेच.

म्हणून खर्चाआधी तपास करावा. आवाजाच्या बटणाने शीळ कमी-जास्त होत नसेल, तर ती त्या बटणाच्या पुढच्या भागात शिरते आहे. म्हणजे केबल, ॲम्प्लिफायर किंवा त्याचा वीजपुरवठा. केवळ रेडिओवरच टकटक असेल आणि एरियल काढल्यावर थांबत असेल, तर ठिणगीच्या लहरी हवेतून येत आहेत. तेथे रोध असलेल्या प्लगकॅप उपयोगी पडतात. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल, तर तरंग बराच वाढतो, आणि तो बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरच्या एसी मापनात दिसतो. मात्र खात्री करण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची तार काढू नये. त्या क्षणी उसळणारा विद्युतदाब स्टिरिओ जाळू शकतो.

अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट बसवावा, इंजिन आणि बॉडी यांमधली जुनी अर्थिंगची पट्टी बदलावी, आणि शक्य असल्यास स्टिरिओ व ॲम्प्लिफायर या दोघांचे अर्थिंग एकाच बिंदूवर आणावे. एवढ्यानेही शीळ राहिली, तर सिग्नल केबलमध्ये एकास एक प्रमाणाचे विलगक रोहित्र, म्हणजे दोन बाजू तारेने न जोडता सिग्नल पुढे नेणारा ट्रान्सफॉर्मर, घालता येते. ठिणगीसाठी उच्च विद्युतदाब तयार करणाऱ्या कॉइलला आवाजरोधक कॅपॅसिटर लावायचा असल्यास तो इग्निशन स्विचकडून येणाऱ्या टोकाला लावावा. डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या टोकाला लावल्यास ठिणगीच दुबळी होते.