पाऊणकी, भरती आणि खिशातला फोन

मालवणात आमच्या शेजारी तात्या राहतात. पंचाहत्तरी ओलांडलीय, अख्खं आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यात, आणि होडीवर गेलं. परवा सकाळी होडी वर ओढायची होती, त्यासाठी भरती नेमकी किती वाजता हे हवं होतं, तर मुलाने खिशातून फोन काढला, भरतीचं ॲप उघडलं आणि रेंज नाही म्हणून ते आपलं गोल गोल फिरत बसलं. तात्या खळ्यात चहा पीत होते. म्हणाले, "आज एकादस मगे? सव्वाआठाक भरती." आता एकादशी हे त्यांना कुठून कळलं, तर काकींचा उपास होता आणि रात्रीच साबुदाणा भिजत पडलेला. पाच मिनिटांनी ॲप शुद्धीवर आलं, त्यात आठ वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटांचा फरक. मुलगा काही बोलला नाही, फोन खिशात टाकून होडीकडे निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. एकादशी म्हणजे अकरा, अकराचे पाऊण सव्वाआठ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. सकाळची एक आणि रात्रीची एक, आणि मधे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, जिला आमच्याकडे सुकती म्हणतात. खडकावर कालवं काढायला जाणाऱ्या बायका सगळं गणित या सुकतीवर बांधतात, त्या वेळी पोचलं नाही तर टोपली रिकामी. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कागद नको, पंचांग नको, चार्जर तर नकोच.

यामागे चंद्र आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारून परत त्याच जागी येते तोवर चंद्र त्याच दिशेने थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला रोज सरासरी पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरतीसुद्धा रोज तेवढी उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या आसपास एकमेकांच्या काटकोनात ओढतात म्हणून भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, पन्नासच्या जवळ. आता हे पाऊणपट झटकन करता यायचं कारण शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकून घेतलेली असायची, तसेच बाकीचे अपूर्णांकांचे पाढेही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ज्याची पाऊणकी पाठ त्याच्या डोक्यात भरतीचं वेळापत्रक जवळजवळ फुकटात.

मी नववी-दहावीच्या मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी घेतो. त्यातल्या एकालाही पाऊणकी येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही धड येत नव्हती. म्हणून मला प्रश्न पडला की फोन आल्यावर आपल्या डोक्याचं नक्की होतं काय, कारण यावर लोक दोनच सूर लावतात, एक तर सगळं वाटोळं झालं नाहीतर सगळं सोन्यासारखं झालं.

अमेरिकेत बेट्सी स्पॅरो नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा २०११ चा एक प्रयोग बराच गाजला. लोकांना फुटकळ माहितीची वाक्यं कॉम्प्युटरवर टाईप करायला दिली, काहींना सांगितलं की हे सेव्ह होणार, काहींना सांगितलं की पुसलं जाणार. ज्यांना पुसलं जाणार असं वाटत होतं त्यांना जास्त आठवलं. आणि माहिती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीय हे लोकांना माहितीपेक्षा जास्त लक्षात राहिलं, म्हणजे डबा लक्षात पण डब्यातला लाडू नाही. त्याच शोधनिबंधातला दुसरा एक प्रयोग २०१८ मध्ये वेगळ्या शास्त्रज्ञांनी पुन्हा करून बघितला तर तसा निकाल आला नाही, त्यामुळे 'गूगलने मेंदू खाल्ला' वगैरे फॉरवर्ड आले की मी आधी थांबतो. पण मूळ मुद्दा घरच्या अनुभवाला पटतो. मागच्या दिवाळीत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना जेट्टीवरून माझा फोन पाण्यात पडला. बाजूच्या माणसाने स्वतःचा फोन दिला, म्हणाला घरी कळवा, आणि मला बायकोचा नंबर आठवेना. लग्नाला सतरा वर्षं. आठवला तो लहानपणीच्या घरचा लँडलाईनचा नंबर, जो कधीच बंद झालाय.

आता यात वाईट काय? तसं बघितलं तर काहीच नाही. माणूस पूर्वीपासून आठवणी बाहेर ठेवतच आलाय, वहीत, पदराच्या गाठीत, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा करून. संसारात तर निम्म्या आठवणी जोडीदाराच्या डोक्यात असतात, विळी कुठे आहे ते तिला माहीत आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते मला. फोन हा त्याचाच मोठा भाऊ. फरक इतकाच की वहीत लिहिताना आधी डोक्यातून जावं लागायचं, फोनमध्ये डोक्याला बायपास करून जाता येतं.

रस्त्यांचं बघा. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर शहराच्या मध्यातले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर या मेंदूच्या अभ्यासक, त्यांनी २००० साली या ड्रायव्हरांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग जागा आणि दिशा लक्षात ठेवतो त्याची मागची बाजू बाकीच्या लोकांपेक्षा मोठी निघाली, आणि पुढची बाजू जरा लहान, म्हणजे इथेही काही फुकट नाही. कोणी म्हणेल ज्यांचा तो भाग जन्मतः मोठा तेच टॅक्सीवाले होत असतील. म्हणून मग शिकाऊ लोकांचे आधी आणि नंतर असे स्कॅन घेतले, २०११ मध्ये निकाल आला, जे परीक्षा पास झाले त्यांचाच तो भाग वाढला होता. २०१७ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी २४ जणांना शहराच्या सोहो भागात व्हिडिओतून फिरवलं, स्वतः वाट शोधताना नवीन गल्लीत शिरलं की हिप्पोकॅम्पस जागा व्हायचा, आणि नेव्हिगेशनने 'आता डावीकडे' सांगितलं की त्याची ती जास्तीची हालचाल दिसायचीच नाही. गाडी चालतेय पण शेजारच्या सीटवरचा झोपलाय, तसं.

हे वाचल्यावर मला तात्यांच्या खुणा आठवल्या. समुद्रात कुठल्या खडकाजवळ मासा लागतो ते त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचं एक झाड एका रेषेत आलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा अमुक बुरूज तमुक टोकावर आला, की बरोबर खाली खडक. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू, भूमितीचा धडा आहे हो हा, शिकवणीत मी हाच देतो. मुलगा जीपीएसवर पॉइंट मारून ठेवतो. अंधारात, धुक्यात, पावसात पॉइंट चुकत नाही, खुणा दिसतच नाहीत. मधे ते डोंगरावरचं झाड वादळात पडलं, तर तात्यांचा एक खडकच हरवला म्हणा ना.

म्हणून जुनं ते सोनं असलं काही मी म्हणत नाहीये. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे अंदाज येतात, उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघतात. जिथे हिरवं जास्त तिथे सूक्ष्म वनस्पती, तिथे त्या खाणारे बारीक जीव, आणि त्यामागे मासा. हे कुठल्याही पाऊणकीत बसणारं नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तिथीवरून वादळ कळलं नसतं, इशारे आधी आले म्हणून होड्या वर घेतल्या होत्या. मग दिवसच्या दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद, आणि कोरोनामुळे मुलांची शाळा त्या काळात फोनवर. त्या दोन वर्षांत आमच्याकडची मुलं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसायची, काजूच्या झाडाखाली पाच जणांत एक फोन. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्या काळात खरे वापरले गेले, ज्या घरी फोन होता तिथे.

शिकवणीत आता जो बदल मला दिसतो तो वेगळाच आहे. मुलं प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे मला विचारत नाहीत. गणित अडलं की फोटो काढायचा, चॅटबॉटला द्यायचा, पायऱ्यांसकट उत्तर हजर, वहीत उतरवायचं. पाच वर्षांपूर्वी गृहपाठ अर्धाच यायचा आणि चुकांनी भरलेला, आता सगळ्यांचा पूर्ण आणि सगळ्यांचा बरोबर. चाचणीत मात्र तीच गणितं अडतात. आधी मला वाटलं माझंच शिकवणं बिघडलं. मग तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमधला अभ्यास वाचला, जवळजवळ हजार मुलं, विषय गणित. काहींना सरावात साधा चॅटबॉट दिला, काहींना शिक्षकासारखा बनवलेला, जो इशारे देतो पण उत्तर हातात ठेवत नाही, आणि काहींना काहीच नाही. साध्या चॅटबॉटवाल्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला, शिक्षकासारख्यावाल्यांचा तर १२७ टक्क्यांनी. मग सगळं काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं नुकसान झालं नाही, पण परीक्षेत मोठी झेपही दिसली नाही.

यंत्र तेच, फक्त कष्टाची पायरी कोणी चढायची ते बदललं.

आणि ही पायरी का लागते ते २००६ च्या एका प्रयोगात छान दिसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्री ऑटरवरचा, म्हणजे पाणमांजरावरचा. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं, वाचणारे ४२ आणि आठवून लिहिणारे ५६. गंमत म्हणजे आठवताना त्रास होतो, आपल्याला काही येत नाही असं वाटतं, आणि वाचताना सगळं सोपं वाटतं, कळलं कळलं म्हणून आपण पान उलटतो. स्क्रीनवर तर हे 'कळलं' फारच स्वस्तात मिळतं, व्हिडिओ दीडपट वेगाने लावला तरी.

म्हणून मी फोनबंदी केली नाही, करूनही चालली नसती. फक्त क्रम बदलला. आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, चुकीचा चालेल, मग फोन. पहिला आठवडा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. एकाने आधी उत्तर बघून मग अंदाज लिहिला, तो इतका अचूक होता की पकडला गेला.

याच नियमात भरती आणली. पंधरा दिवस, प्रत्येकाने तिथी बघून पाऊणपट करायची, मग ॲप बघायचं, दोन्ही वेळा वहीत. चौथ्या दिवशी एका पोराचा फरक तासाच्या आसपास आला, त्याच्या ॲपमध्ये जागा मुंबई लागलेली होती, आणि मुंबईत भरती आमच्यापेक्षा उशिरा येते. नुसतं ॲप बघितलं असतं तर त्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

पण खरी मजा तात्यांच्या नातीने केली. ती नववीत आहे. पौर्णिमेला तिने पंधराचे पाऊण सव्वाअकरा लिहिलं, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता, आणि वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे जाते ना? मग सव्वाअकराचे बारा व्हायला हवेत. हे एका दिवसात दीड तास कसं उडालं?"

मी गप्प. इतकी वर्षं हे सूत्र सांगतोय, कधी बघितलंच नाही. फळ्यावर मांडलं. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत भरती पूर्ण चोवीस तास मागे पडते, आणि तेवढ्यात तिथ्या तीस. चोवीस तासांचे तीस भाग, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं, पंचेचाळीस नाही. रोज तीन मिनिटं कमी धरली जातात, पंधरा दिवसांत त्याची पंचेचाळीस साठतात आणि प्रतिपदेला पहिल्यापासून सुरू केलं की एकदम बाहेर पडतात. तिचा दीड तास म्हणजे नेहमीचा पाऊण अधिक हा साठलेला पाऊण.

तिने घरी जाऊन तात्यांना गाठलं, तुमचं सूत्र चुकीचं आहे म्हणून. मी कुंपणापलीकडून ऐकत होतो. तात्यांनी जाळ्यातली गाठ सोडवता सोडवता सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "असात गो. पण अठ्ठेचाळीसचो पाढो पाठ करतलो कोण?"