पेटीतले बीळ : पाळीव सशांच्या घरटेबांधणीची पार्श्वभूमी

पडवीत किंवा गच्चीवर सशांची जोडी पाळणाऱ्या गोव्यातल्या घरांत एक प्रसंग हमखास चिंतेचा ठरतो. गाभण मादी पिंजऱ्याचा कोपरा उकरू लागते, पुढे गवत गोळा करते, तेव्हा तोंडात आडव्या धरलेल्या काड्यांमुळे तिला झुपकेदार मिशा फुटल्यासारख्या दिसतात, आणि शेवटी ती स्वतःच्या छातीपोटावरचे केस दातांनी ओढून काढते. अंगावरचे उघडे चट्टे पाहून घरची मंडळी खरजेचे औषध शोधू लागतात. वास्तविक ही विण्याची तयारी असते आणि तिचे मूळ पिंजऱ्यात नसून जमिनीखाली आहे.

आपला गैरसमज होण्याचे कारणही स्थानिक आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या माणसांना ठाऊक असलेला रानससा हा वेगळाच प्राणी आहे. तो बीळ खणत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात त्याची मादी विते, आणि तिची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. जांभ्याच्या कठीण सड्यावरही त्याचे काही अडत नाही ते यामुळेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले असल्याने तो पाळताही येत नाही. पिंजऱ्यातला पाळीव ससा मात्र बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज असून त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, आणि त्यांचे डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात.

या युरोपीय सशाचे मूळ घर मुख्यतः इबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन आणि पोर्तुगाल. तेथील रानात मादी पुष्कळदा मुख्य वसाहतीपासून दूर एक आखूड, एकाच तोंडाचे बीळ खणते, टोकाला गवत व केसांची गादी करते आणि पिल्लांना पाजून बाहेर पडताना बिळाचे तोंड मातीने बुजवते. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये आले, पण त्यांच्या जहाजांवर ससे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. १४१८-१९ च्या सुमारास प्रवासातच व्यालेली एक मादी पिल्लांसह अटलांटिक महासागरातल्या पोर्तो सांतो बेटावर सोडण्यात आली आणि तिच्या वंशावळीने बेटावरची शेती इतकी फस्त केली की वसाहतकऱ्यांना तेथून काढता पाय घ्यावा लागला, ही हकीकत चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये नोंदवली आहे. सैल माती मिळाली की ही जात काय करू शकते, याचा यापेक्षा बोलका दाखला क्वचितच सापडेल.

माणसाने सशाला माणसाळवले ते टप्प्याटप्प्याने, आणि बराच काळ माती त्याच्या पायांखालून न काढता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन लेखक व्हारो याने भिंतीने वेढलेल्या सशांच्या वाड्यांचे वर्णन केले आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तर सशांना खणणे सोपे जावे म्हणून मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचले जात. (पोपच्या परवानगीमुळे इसवी सन ६०० च्या सुमारास मठांतील साधूंनी ससे माणसाळवले, ही लोकप्रिय कथा जुन्या मजकुराच्या चुकीच्या वाचनातून आली, असे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, तरी ती अजून छापली जातेच.) ससा लाकडी खुराड्यात आणि पुढे जाळीच्या तळावर आला तेव्हा माती गेली, पण खणण्याची ओढ राहिली. विणीची लाकडी पेटी ही त्या हरवलेल्या बिळाची भरपाई होय.

ही ओढ शरीरात कशी जागी होते, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. झॅरो, डेनेनबर्ग, सॉइन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये घरटेबांधणीचा आधार संप्रेरकांत असल्याचा पुरावा मांडला. पुढे मेक्सिकोत गॉन्झालेझ-मारिस्काल यांच्या गटाने त्यातले टप्पे उलगडले. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक भरात असताना मादी खणते, ते उतरू लागले की गवत वाहते, आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढल्यावर सैल झालेले केस उपटते. त्यामुळे गादीही होते आणि स्तनाग्रेही मोकळी होतात. खोट्या गर्भारपणातही, म्हणजे गर्भ नसताना शरीर गर्भार असल्यासारखे वागते तेव्हाही, हाच क्रम सोळा ते अठरा दिवसांत उरकतो. दोन्ही माद्याच पाळलेल्या घरातही घरटे दिसते ते त्यामुळेच, कारण एकीने दुसरीवर चढल्यानेही बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज सुटणे) घडू शकतो आणि त्यातून खोटे गर्भारपण येते.

खरा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो, म्हणून पेटी २८ व्या दिवसाच्या आसपास ठेवतात. ती न मिळाल्यास मादी उघड्या जाळीवरच विते आणि पिल्ले गारठून मरतात. गोव्याच्या पावसाळ्यात करड (वाळलेले गवत) किंवा भाताचा पेंढा दमट होऊन बुरशी धरतो; अशा वेळी ओले गवत काढून कोरडे घालावे, मात्र मादीने उपटलेले केस तसेच पिल्लांवर ठेवावेत. व्याल्यानंतर मादी घरट्याकडे फिरकत नाही, ही तक्रार तर सर्वत्र ऐकू येते. झॅरो आणि डेनेनबर्ग यांच्याच १९६५ मधील निरीक्षणानुसार ती दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटे पाजते. पिल्लांची पोटे गोल आणि कातडी ताणलेली दिसत असेल, तर पिल्ले उचलून बाटलीने पाजण्याची घाई करू नये.