चौघं जेवायला बसतात तेव्हा

मागच्या महिन्यात आम्ही दोघं आणि माझा एक मित्र नि त्याची बायको, असे चौघं नागपूरच्या महाल भागातल्या एका सावजी भोजनालयात जेवायला गेलो. पाटोडी रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू. तर्रीनं चौघांचीही नाकं वाहत होती. तेवढ्यात मित्राच्या बायकोनं माझ्या बायकोला विचारलं, "ताई, तुम्ही गाणं शिकत होत्या ना? मग सोडलं काहून?"

बायकोनं हातातला घास ताटात ठेवला. ती दहावीत असताना वडिलांची बदली गडचिरोलीला झाली, तिथं घराजवळ शिकवणारं कोणी नव्हतं. पेटी गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवली गेली. ती मात्र शाळेतून आली की स्टुलावर चढून गोधडीवरूनच बोटं फिरवायची. दोन वर्षांनी पेटी मामेबहिणीला देऊन टाकली.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. गाणं सुटलं एवढं मला माहीत होतं. गोधडीचं माहीत नव्हतं.

घरी दोघंच असताना ही गोष्ट का निघाली नाही? संसारात आपण एकमेकांना प्रश्न विचारतो ते गॅस, फी आणि आईच्या गोळ्यांचे. बाकीचं आपल्याला ठाऊकच आहे, असं धरून चालतो. नवं माणूस तसं धरत नाही, ते सरळ विचारतं. आणि उत्तर देणारा ते पहिल्यापासून, नीट लावून सांगतो. शेजारी बसलेल्या जोडीदाराला तेव्हा आपलंच माणूस जरा लांबून दिसतं.

मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत तपासलं आहे. आर्थर आरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ३६ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. सुरुवातीचे प्रश्न हलके, पुढचे अधिकाधिक मनातले. दोन अनोळखी माणसांनी पाऊण तास हे प्रश्न एकमेकांना विचारले, की नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटते. तेव्हा अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठात असलेले रिचर्ड स्लॅचर यांनी हीच रीत जोडप्यांवर वापरून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये आला. ६० जोडपी, अनोळखी जोडप्यांशी गाठ घालून दिलेली. काही चौकड्यांना मनातले प्रश्न, काहींना हवापाण्याच्या गप्पा. मनातलं बोललेल्यांना समोरचं जोडपं जवळचं वाटलंच, पण स्वतःच्या जोडीदाराविषयीची जवळीकही वाढली. मला या अभ्यासातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. चौघं नुसते एका टेबलावर बसले म्हणून काही घडलं नाही, काय बोलले त्यावर सगळं ठरलं. २०१४ मध्ये स्लॅचर, आरॉन आणि इतरांनी आणखी एक धागा जोडला: समोरचं जोडपं आपलं बोलणं मनापासून ऐकतं, दाद देतं, तेव्हा आपल्या जोडीदाराविषयीची ओढही वाढते.

मग आठ-दहा जण जमवले तर आणखी बरं? इथं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं काम आठवतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या गप्पांचे घोळके मोजले. एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पा फुटतात आणि दोन घोळके होतात. हिशोब केला तर पटतं. चौघांत माणसांच्या जोड्या सहा होतात, पाचांत दहा. कोण कुणाविषयी काय समजतंय, हे डोक्यात धरून बोलायचं तर ओझं झपाट्यानं वाढतं. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी उभं राहून बघा. मोठ्या कुटुंबाची एकच गप्पा क्वचित दिसते. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, पोरं मक्याच्या गाडीपाशी. आमच्याकडे दोन जोडपी भेटली तरी बरेचदा तसंच होतं, पुरुष गच्चीत आणि बायका स्वयंपाकघरात. मला हे फार खटकतं, कारण चौघांच्या बैठकीत जे खरं मिळायचं असतं ते नेमकं तिथंच हातचं जातं. माझ्या बायकोनं ती पेटीची गोष्ट ओट्यापाशी सांगितली असती, तर मी ती ऐकली नसती.

आरॉन यांचा आणखी एक प्रयोग इथं जुळतो, २००० सालचा. नवरा-बायकोचं एकेक मनगट आणि एकेक घोटा एकत्र बांधायचा आणि एक उशी हात न लावता, दातांत न धरता, दोघांच्या अंगांमध्ये दाबून गादीवरून रांगत पलीकडे न्यायची. सात मिनिटांचा खेळ. तो खेळलेल्या जोडप्यांना आपलं नातं आधीपेक्षा बरं वाटलं. सोबत केलेली नवी गोष्ट नात्यालाही नवेपण देते, असं आरॉन मांडतात. चौघांनी मिळून कधी न पाहिलेल्या वाटेनं रामटेक चढणं त्यातच बसेल, असं मला वाटतं.

त्या रात्री सीताबर्डीवरून गाडीनं घरी येताना मी मागे वळून विचारलं, "ती पेटी अजून आहे का मामेबहिणीकडे?"

"आहे," ती म्हणाली. "भाता फाटलाय म्हणे."