गणपतीत नेट का रेंगाळतं?

चाकरमानी गणपतीला गावी पोचले की दुसऱ्याच दिवशी माजघरातून ओरड सुरू होते, "नेट चलना नाय!" कुणी म्हणतं टॉवरवर गर्दी झाली, कुणी म्हणतं कॉम्प्युटर जुना झाला, आणि पावसावर तर खापर ठरलेलंच. शेवटी एकमत होतं ते महागडा प्लॅन घेण्यावर. टॉवरवरची गर्दी खरी असते, तिच्यापुढे आपला इलाज चालत नाही. पण बऱ्याचदा चोर घरातच, सिम घातलेल्या त्या राउटरमध्ये बसलेला असतो.

कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि 'पिंग' टाइप करून पुढे राउटरचा पत्ता द्या. पिंग म्हणजे छोटा निरोप धाडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. तो डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर चार-पाच मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत आलं तर घरातलं वायफाय ठीक. शंभराच्या पुढे जात असेल तर मधल्या भिंती मोजा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यातही वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या आधी दमतो. राउटर आग्नेयेला ठेवा म्हणणारे वास्तुवालेही हल्ली भेटतात. लहरींना आग्नेय-नैर्ऋत्य काही कळत नाही, चिरे तेवढे कळतात.

आता 'पिंग ८.८.८.८' करा. हा गूगलचा सर्व्हर. सगळे फोन शांत असताना सिमच्या नेटवर चाळीस-पन्नास मिलिसेकंद दिसावेत. मग पुतण्याला आरतीचा मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावा आणि पुन्हा पिंग करा. ४५ चे ९००, मग १४००, मग १९०० झालेले दिसले, तर चोर सापडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई साडेतीनशे किलोमीटर धरा, तरी जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंदच. मग हे जवळजवळ दोन सेकंद गेले कुठे? रांगेत.

पाठवायची माहिती छोट्या पॅकेटांत तुटते आणि बाहेर पडण्याआधी बफर नावाच्या मेमरीत थांबते. पन्हळीखाली पिंप ठेवलं आणि त्याला तळाशी बारीक तोटी असली, तर पिंप मोठं केल्याने तोटीची धार वाढत नाही, वरून पडलेला थेंब बाहेर यायला उशीर मात्र होतो. हिशोब सोपा आहे. बफर १ मेगाबाइटचा, म्हणजे ८० लाख बिट. अपलोडचा वेग सेकंदाला ४० लाख बिट. बफर भरला की प्रत्येक नव्या पॅकेटला दोन सेकंदांची शिक्षा.

पण तो भरतोच कशाला? ही गोष्ट मला फार आवडते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम चारशे यार्ड! तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचं मूळ तत्त्व आजही चालू आहे. पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत न्यायचा. प्रत्येक पॅकेटची पोच परत येते. पोच आली नाही तर पॅकेट हरवलं, म्हणजे वाट भरली असं समजून वेग झटकन कमी करायचा. थोडक्यात, पॅकेट हरवणं हाच इशारा. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणांत ऐसपैस बफर आले. पॅकेट हरवेना, इशारा मिळेना, पाठवणारा वेग वाढवतच राहिला आणि रांग तुंबली. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्याच घरच्या नेटवर हा प्रकार हेरला.

गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरवर अण्णा भजन ऐकत असतात, तो डाउनलोड. पण त्याच्या पोचपावत्या अपलोडच्याच रांगेत अडकतात, म्हणून भजनही अडखळतं. गणपतीत नेमकं हेच होतं. मुंबईहून आलेले फोन वायफायला जोडले जातात, आणि वाटेत काढलेले फोटो कुणालाही न विचारता बॅकअपला लागतात. डाउनलोडचा दुप्पट प्लॅन घेऊन ही रांग हलत नाही. 'नेट बूस्टर' ॲपनेही नाही, ते फार तर जाहिराती दाखवतं.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे न बघता पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघायचं. शंभर मिलिसेकंदांत एकाही पॅकेटची वाट पाच मिलिसेकंदांच्या आत सरली नाही, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं. इशारा पोचतो, रांग ओसरते.

काही राउटरमध्ये ही सोय 'एसक्यूएम' (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेची शहाणी व्यवस्था) नावाने मिळते. ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग टॉवरकडे किंवा मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यात राहते. सोय नसेल तर घरातल्या सगळ्यांच्या फोनवरचा फोटो बॅकअप दिवसा बंद ठेवा. सिमच्या नेटचा वेग तासातासाला बदलतो, तेव्हा मर्यादा पहाटेच्या आकड्यावरून ठरवू नका. संध्याकाळी आरती आटोपून सगळे फोनला चिकटले की तेव्हा मोजा.