फलकावर नाव कुणाचं? खान्देशातल्या फौजी घरांची पार्श्वभूमी

2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगावी वीरांच्या नावांचे शिलाफलक बसले आणि त्यावर कुणाची नावं घ्यायची हा प्रश्न ग्रामपंचायतींपुढे आला. प्रश्न त्या महिन्यात जन्मलेला नाही. त्याची मुळं शंभर वर्षं मागे जातात, पण खरा गुंता झाला तो 1999 च्या कारगिल युद्धानंतर.

दूरचा इतिहास थोडक्यात. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली, ती मुलखातल्या बंदोबस्तासाठी. परमुलखातल्या लढायांसाठी भरती सुरू झाली तेव्हा इंग्रजांचा ओढा कोकण-साताऱ्याकडे राहिला. खान्देश त्यांच्या लेखी कापसाचा मुलूख. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून 13 लाखांवर माणसं गेली, त्यातली 74 हजारांच्या आसपास परतली नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारनं देशभरातल्या बऱ्याच गावांत दगड लावले. मजकूर ठरलेला: या गावातून इतके जण 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकाचंही नाही, साम्राज्याला आकड्याशी मतलब. तरी एक मान्य करायला हवं. त्या दगडानं लढाईवर गेलेले आणि तिथं मेलेले, दोघांनाही मोजलं होतं. शंभर वर्षांनी आपण नावं कोरली, पण परतलेल्यांना गाळून.

दुसऱ्या महायुद्धात भरती 25 लाखांवर गेली आणि युद्ध संपताच बहुतेकांना घरी पाठवलं, अनेकांना पेन्शनविना. पुढे राज्य सरकारनं त्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन सुरू केलं. कित्येक घरांत आजा फौजेत होता याचा हाती लागणारा कागद तेवढाच.

1962 नंतर सैन्य वाढवायचं ठरलं. भुसावळला संरक्षण खात्याचा कारखाना 1949 पासून होताच, 1964 मध्ये वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आला. (युद्धाच्या काळात तिथं पाळ्या करणाऱ्यांना कुठल्याच यादीत जागा नाही, पण तो वेगळा विषय.) 1965 आणि 1971 मध्ये मुलगा पडला तर घरी यायची ती तार. अंत्यसंस्कार सहसा आघाडीजवळच उरकले जायचे. मागाहून आलीच तर ट्रंक यायची, तिच्यात गणवेश, पत्रं, एखादा फोटो. गावानं काही पाहिलेलं नसे. दुःख घरातच सुरू व्हायचं आणि घरातच राहायचं.

कारगिलच्या वेळी ही रीत बदलली. पार्थिव गावात पाठवायचं ठरलं. विमानतळापासून लष्करी गाडी, रस्त्याच्या दुतर्फा शाळेची पोरं, तिरंग्यातली पेटी, बंदुकीच्या फैरी, पुढारी. महिना-दोन महिन्यांत चौकाला नाव, वर्षभरात स्मारक नाहीतर वेशीवर कमान. निर्णय चांगलाच होता, आईला मुलाचं तोंड दिसलं. पण त्याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही: गावाची आठवण पार्थिवामागे चालू लागली. ज्या घरात 1971 ला तार आली, ते घर त्याच कमानीखालून रोज ये-जा करतं आणि कमानीवर त्या घरातलं कुणी नसतं.

त्यात कागदाचा फरक. लष्कराच्या नोंदीत लढाईतला मृत्यू वेगळा आणि नोकरीत असताना आजारानं किंवा अपघातानं आलेला वेगळा. कुटुंबाचं निवृत्तिवेतन आणि मदत त्यानुसार बदलते. पैशापुरता हा भेद समजू शकतो. गावानं मात्र तोच भेद मानासाठी उचलला. रजेवर येताना रेल्वेत गेलेल्याचं नाव घालायचं का, यावर पारावर वाद होतात आणि त्याचा बाप शेजारी बसलेला असतो.

2023 च्या मोहिमेनं हे सगळं एका दगडावर आणलं. सूचना दोन होत्या. फलकावर प्राणार्पण केलेल्या वीरांची नावं. हयात स्वातंत्र्यसैनिक, निवृत्त सैनिक आणि हुतात्म्यांचे कुटुंबीय यांचा सत्कार. वरवर पाहता दोघांचीही सोय लागली. पण शाल-श्रीफळ दुसऱ्या दिवशी कपाटात जातं, दगड राहतो. ज्यांचा मुलगा 1971 ला लढून धडधाकट परतला, ज्याच्या आईनं ते महिने रेडिओला कान लावून काढले, त्या घराच्या वाट्याला आला तो फक्त टाळ्यांचा कार्यक्रम.

विरोधातला मुद्दा हलका नाही. सगळ्यांचीच नावं घातली तर प्राण दिलेल्याचं मोल राहणार नाही, आणि युद्धात डेपोत हिशेब लिहिणाऱ्यालाही तोच मान द्यायचा का, असं विचारणारे स्वतः माजी सैनिकच असतात. माझं मत उलट बाजूला झुकतं. गोळी कुणाला लागावी हे जवान ठरवत नाही. मोठ्या अक्षरात पडलेले, खाली लहान अक्षरात त्या युद्धावर जाऊन परतलेले, अशी मांडणी केली तर कुणाचा मान कमी होत नाही. फलकाच्या आकाराचं कारण तर सांगूच नये. उद्घाटनाच्या पाटीवर पंधरा नावं बसतात.

घरातला हिशेब निराळा असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी पितरांसाठी घागर भरली जाते, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेका पितराचं नाव घेतलं जातं. तार आलेला काका आणि पेन्शन खाऊन ऐंशीव्या वर्षी गेलेला आजा, दोघांनाही एकेकच बोट.

नावं जमवणं अवघड नाही. राज्यात 2020 पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, त्यामुळे ग्रामसेवकाच्या दप्तरात अर्धी यादी तयारच मिळते. पण ती घराच्या मालकीवरून बनलेली. ज्याच्या नावावर घर नाही तो तिच्यातून सुटतो आणि धाकट्या लेकाकडे राहणारी आई तर येतच नाही. 1965 आणि 1971 ची नावं हवी असतील तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं, आणि गावात हिंडून सत्तरीपुढच्या बायकांना विचारावं. कुणाच्या दारात तार आली होती, हे त्यांना तोंडपाठ असतं.