लोकप्रिय कथासाहित्याचे ख्रिस्ती वाचन

रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, साहसकथा अशा रंजनप्रधान पुस्तकांचा आस्वाद घेत असतानाच, त्यांतून माणूस, पाप, न्याय आणि क्षमा यांविषयी काय सांगितले जाते हे पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) प्रकाशात पारखण्याची वाचनपद्धती. पुस्तक ख्रिस्ती लेखकाचे असावे लागत नाही; सोलापूरच्या वाचकाच्या हाती पडणारे बहुधा तसे नसतेच. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरची कादंबरी, वाचनालयातून घरी येणारा दिवाळी अंक, मोबाइलवर ऐकलेली कथामालिका हे सगळे या वाचनाच्या कक्षेत येते.

या पद्धतीला आधार म्हणून येशूचा प्रेषित पौल याची पत्रांतील दोन वचने नेहमी सांगितली जातात. जे सत्य, शुद्ध आणि श्रवणीय आहे त्याचे मनन करावे, हे फिलिप्पैकरांस पत्रातील एक (४:८). सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते बळकट धरावे, हे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील दुसरे (५:२१). पहिल्या वचनाच्या जोरावर घरातली कादंबरी कपाटात बंद करणारे पुष्कळ असतात. पण तोच पौल अथेन्सच्या अरियपग या सभास्थानी ग्रीक कवींची ओळ उद्‌धृत करतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८), म्हणजे त्याने ती आधी ऐकली किंवा वाचली होती. पुढे हा वाद मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चालूच राहिला. ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनला आपल्या आत्मकथनात खंत वाटते ती लहानपणी व्हर्जिलच्या काव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर रडल्याची, कारण स्वतःच्या आत्म्याच्या मरणावर तो तेव्हा रडला नव्हता. उलट चौथ्या शतकातील कैसरियाचा बिशप बासिल तरुणांना ग्रीक साहित्य वाचायला सांगतो. मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही आणि बसते त्या फुलातले सगळेच उचलत नाही, हा त्याचा दाखला.

कल्पित कथेचे सर्वांत मोठे समर्थन मात्र शास्त्रातच आहे. राजा दाविदाने आपला सैनिक उरीया याला मारवून त्याची बायको आपल्या घरी आणली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला नियम वाचून दाखवला नाही, गोष्ट सांगितली: गरिबाची एकुलती मेंढी, ती त्याच्याच ताटातले खाई आणि त्याच्या उराशी निजे, श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. राजा संतापून त्या श्रीमंताला मरणदंड सुनावतो आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस (२ शमुवेल १२). दावीद गोष्टीत पुरता गुंतला म्हणूनच सापडला. येशूचे दृष्टांतही हेच काम करतात. ख्रिस्ती वाचनाचा गाभा या प्रसंगात आहे असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते: वाचक कथेचा न्याय करतो तशी कथाही वाचकाचा न्याय करते.

मराठीत या वाचनाची पूर्वपीठिका जुनी आहे. जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये आले आणि बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणल्या गेलेल्या या पुस्तकात विधवांच्या हालअपेष्टांची चित्रे जिवंत आहेत, पण उपदेश जागोजागी गोष्टीच्या पुढे धावतो. ख्रिस्ती कादंबरी म्हणून ती पारखीतून सुटत नाही. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रसारक संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि मिशनच्या शाळांतून अनेक घरांतली पहिली पिढी वाचायला शिकली. शहर गिरण्यांचे आणि मागांचे, बोली मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू. घरात तेलुगूत प्रार्थना आणि बाहेर मराठीत कादंबरी, असा वाचकही इथे नवलाचा नाही.

प्रत्यक्ष वाचन कसे चालते ते रहस्यकथेवरून नीट कळते. पहिल्या प्रकरणात प्रेत सापडते, शेवटच्या प्रकरणात खुनी. मधल्या दीडशे पानांत मेलेल्यासाठी कोणी रडत नाही. चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत विचारण्याजोगा प्रश्न इथेच असतो: देवाच्या प्रतिरूपात घडवलेला माणूस या कथेत नुसते कोडे का झाला? आणि खुन्याने कबुली दिल्यावर बेड्या पडतात, पण त्याला पश्चात्तापाची वाट उरते का? इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९१० पासून लिहिलेल्या फादर ब्राउनच्या कथांत याचे उत्तर आहे. हा पाद्री स्वतःला गुन्हेगाराच्या जागी ठेवून, तेच पाप आपल्याही हातून होऊ शकते असे मानून गुन्हा उलगडतो. त्याने पकडलेला चोर फ्लाम्बो पुढे बदलतो आणि त्याचा मित्र होतो.

भयकथेबाबत घरोघरी जास्त धास्ती असते. करणी, मांत्रिक, उतारा यांनी भरलेले पुस्तक मुलांच्या हाती द्यावे का? जादूटोण्याची मनाई स्पष्ट आहे (अनुवाद १८:१०–१२). तरी एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या बाईची हकिकत शास्त्राने गाळलेली नाही (१ शमुवेल २८), आणि ती वाचताना तिच्याकडे आलेल्या राजा शौलाचे एकाकीपण अंगावर येते. म्हणून विषय कोणता यापेक्षा कथा वाइटाला कसे वागवते हे पाहावे. वाइटाची चटक लावणारी कथा बाजूला ठेवावी. वाइटाची भीती योग्य जागी बसवणारी खुशाल वाचावी. वय लहान असेल तर आईवडिलांनी आधी वाचलेली बरी.

या पद्धतीत दोष शिरतात ते घाईमुळे. शिव्या आणि प्रणयप्रसंग मोजून निकाल देणे हा एक; प्रत्येक बलिदानी नायकात ख्रिस्त शोधणे हा दुसरा. दोन्हींत पुस्तक वाचलेच जात नाही. ख्रिस्ती लेखक व समीक्षक सी. एस. ल्यूइस यांनी १९६१ मध्ये समीक्षेवरील आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले की आधी स्वतःला बाजूला सारून कलाकृती स्वीकारावी, मत नंतर.

मराठी वाचकापुढे आणखी एक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. लोकप्रिय कथांत ख्रिस्ती पात्र आले की ते बहुधा दारूच्या गुत्त्यातले, तोडकेमोडके मराठी बोलणारे, नाहीतर नर्स किंवा झग्यातले फादर. ज्याची आजी सोलापुरी हेल काढून बोलते आणि ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातील कवी ना. वा. टिळकांची पदे पाठ म्हणते, त्याला या पानांत आपले घर दिसत नाही. ही तक्रार साहित्यिक आहे तशी धार्मिकही आहे, कारण शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा कादंबरीकारालाही लागू पडते. तीच कसोटी ख्रिस्ती लेखकाने रंगवलेल्या पुजाऱ्याला, मौलवीला आणि मांत्रिकालाही लावावी लागते.