सिनेमा जिथे सुरू झाला, त्या जागांचं काय झालं?

सिनेमाच्या ओढीने मुंबईत येणारे लोक वांद्रे-जुहूला जातात, नटनट्यांच्या बंगल्यांसमोर फोटो काढतात. पण या देशात सिनेमा पहिल्यांदा जिथे दाखवला गेला, ती इमारत त्यांना सहसा कोणी दाखवत नाही. ती दक्षिण मुंबईत, काळा घोडा चौकाजवळ आहे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन.

तारीख होती ७ जुलै १८९६. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला हलत्या चित्रांचा जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ चा, म्हणजे सहा-सात महिन्यांतच ही नवलाई मुंबईत पोचली. एक रुपया तिकीट, सहा छोट्या फिती. हॉटेल गोऱ्यांचं, त्यामुळे प्रेक्षकही गोरेच. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले, तिकीट चार आण्यांपासून मिळू लागलं, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय झाली. मुंबईचा सिनेमा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या चार आण्यांच्या तिकिटापासून, असं मला वाटतं.

वॉटसनची इमारत १८६०च्या दशकातली. तिच्या लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि इथे जोडले. हॉटेल बंद पडल्यावर आत गाळे पडले, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि डागडुजी कोणी करायची हा प्रश्न लोंबकळत राहिला. २००५ साली एक भाग कोसळला. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून इमारत रिकामी केली गेली.

दादासाहेब फाळक्यांच्या जागांचंही तसंच. त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ बनवला तो दादर मेन रोडवरच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या दादासाहेब फाळके मार्गावर. तोच कारखाना, तेच घर. सरस्वतीबाई दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडायला, रसायनं कालवायला बसायच्या. त्या रस्त्याला फाळक्यांचं नाव मिळालं हे योग्यच झालं, पण तिथे गेल्यावर आठवण यायला हवी ती सरस्वतीबाईंचीसुद्धा. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच पडद्यावर वर्षभर आधी, १८ मे १९१२ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ झळकला होता. ते कॉरोनेशन आता नाही. फाळक्यांचं मोठं स्मारक पाहायचं तर नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जावं लागतं.

या पडझडीमागे एक साधं कारण आहे. सुरुवातीचा सिनेमा उसन्या जागेत राहिला: हॉटेलचा दिवाणखाना, नाटकाचं थिएटर, राहता बंगला, मोकळ्या मैदानावरचा तंबू. सिनेमासाठी म्हणून मुद्दाम बांधलेल्या वास्तू नंतर आल्या. त्यांच्याही वाट्याला आगी, कर्ज आणि जमिनीचे चढते भाव आलेच. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भस्मसात झाला. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला.

टिकला तो पुण्याचा, प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ इथलाच, १९३६चा. कंपनी १९५०च्या दशकात बंद पडली, पण १९६० साली सरकारने त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. त्यामुळे स्टुडिओत दिवे लागत राहिले, मुलं तिथे कॅमेरा चालवायला शिकत राहिली. जागा वाचली ती काम चालू राहिलं म्हणून. कोनशिला बसवून एवढं साधलं नसतं.

तरी तिथेही सगळं वाचलं नाही. जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातल्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मच्या मूळ प्रती जळाल्या. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य असतं.

पुण्यात असाल तर आधी परवानगीची चौकशी करून या आवारात जा, तिथलं प्रभातचं संग्रहालय बघा. मुंबईत काळा घोडा आणि दादर एका सकाळीत होतात. वॉटसनला आत जाता येत नाही. समोरच्या फुटपाथवरून लोखंडी सांगाडा मात्र नीट दिसतो.